तान्ह्या मेंदूतील रक्ताचा नकाशा

नवजात बाळाच्या टाळूवर हलकेच बोट ठेवले, की खाली काहीतरी उडत असल्याचे जाणवते. कवटीची हाडे अद्याप सांधलेली नसल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची ही स्पंदने बाहेरून कळतात. घरोघरच्या आज्यांना ती ठाऊक असतात. टाळू खोल गेली, तर बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले आहे, हेही त्या ओळखतात. रक्त मेंदूत पोहोचते आहे, एवढे टाळू सांगते. मेंदूच्या कोणत्या भागात दर मिनिटाला किती पोहोचते, हे मात्र तिच्यावरून कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर बाळाला सुई न टोचता आणि किरणोत्साराला सामोरे न नेता मिळवण्याची सोय गेल्या दोन दशकांत एमआरआय तंत्राने करून दिली आहे.

प्रश्न केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण विश्रांत अवस्थेत शरीर जो प्राणवायू वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. तान्ह्या बाळात हे प्रमाण अधिकच टोकाचे असते. विश्रांत अवस्थेत बाळाचे शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे निम्मा भाग मेंदूकडे जातो. एवढी भूक असलेल्या या अवयवाजवळ इंधनाचा साठा जवळपास नसतो. ग्लुकोज आणि प्राणवायू रक्तानेच, क्षणोक्षणी, आणून द्यावे लागतात. पुरवठा काही मिनिटे तुटला, तरी पेशी मरू लागतात. तो तुटला नाही, नुसता अपुरा पडला, तर हानी मूकपणे होते. ती ध्यानात येते तेव्हा मूल वर्ष-दीड वर्षाचे झालेले असते, आणि बसायला, चालायला उशीर का होतो आहे, असे विचारत आईवडील डॉक्टरांकडे आलेले असतात.

मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याचे एकक ठरलेले आहे : १०० ग्रॅम ऊतींमधून दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गेले. निरोगी प्रौढांत हा आकडा ५०च्या आसपास असतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा. प्रवाह २० मिलिलिटर धरला, तर संपूर्ण मेंदूतून मिनिटाला ७० ते ८० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या पेल्याएवढे रक्त वाहते. प्रौढांत हेच प्रमाण पाऊण लिटरच्या जवळ जाते. तान्हेपणीचा हा कमी प्रवाह पुढे झपाट्याने वाढतो, बालपणात प्रौढांनाही मागे टाकतो आणि मग पुन्हा उतरतो.

बालपणातील या चढाचा पुरावा एमआरआयच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४०च्या दशकात जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची पहिली भरवशाची पद्धत बसवली. व्यक्तीला नायट्रस ऑक्साइड, अर्थात हसवणारा वायू, अल्प प्रमाणात हुंगायला द्यायचा. एक सुई धमनीत आणि दुसरी मेंदूतून परतणाऱ्या मानेतील शिरेत ठेवायची. दोन्हींतील वायूच्या प्रमाणातील फरकावरून प्रवाहाचे गणित मांडायचे. चार्ल्स केनेडी आणि लुई सोकोलॉफ यांनी हीच पद्धत लहान मुलांसाठी जुळवून घेतली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मुलांतील प्रवाह १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे १०६ मिलिलिटर नोंदवला गेला. वाढत्या मेंदूची रक्ताची गरज प्रौढांहून किती मोठी असते, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. पण पद्धत संपूर्ण मेंदूसाठी एकच आकडा देत असे, नकाशा नव्हे. आणि मानेच्या शिरेत खोलवर सुई घालण्याचा प्रयोग तान्ह्या बाळावर सहजी कोण करील?

पुढची पायरी किरणोत्सारी पदार्थांची. झेनॉन वायूचे किरणोत्सारी रूप वापरून नवजात बाळांच्या मोजण्या झाल्या. १९८०च्या दशकात पेट स्कॅनने प्रथमच नकाशाच्या स्वरूपात उत्तर दिले. प्राणवायूच्या किरणोत्सारी समस्थानिकापासून बनवलेले पाणी शिरेतून द्यायचे. त्याची किरणोत्सारिता दोन मिनिटांत निम्मी होते, म्हणून ते रुग्णालयाच्या आवारातच तयार करावे लागे. अमेरिकेतील अशाच एका अभ्यासात, १९८८ साली, चकित करणारी गोष्ट नोंदवली गेली. प्रौढाचा मेंदू ज्या प्रवाहावर तग धरू शकत नाही, त्या पातळीचा, १०हूनही कमी प्रवाह काही नवजात बाळांत आढळला आणि त्यातील काहींची पुढची वाढ सामान्य दिसली. प्रौढांचे मापदंड तान्ह्या मेंदूला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याच दशकात हॅरी चुगानी आणि मायकेल फेल्प्स यांनी ग्लुकोजच्या वापराचा क्रम पेटद्वारे दाखवला : जन्मावेळी हालचाल व स्पर्श यांचे बाह्यक, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ आघाडीवर; काही महिन्यांत दृष्टीचे क्षेत्र जागे; कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी. परंतु किरणोत्सार दिल्याशिवाय हे पाहता येत नसे, त्यामुळे निरोगी बाळांची अशी तपासणी करण्याला नैतिक मर्यादा होती. आजारी बाळांची तुलना कोणाशी करायची, हा पेच कायम राहिला.

तो सोडवला एका साध्या कल्पनेने. उसाच्या मळ्यात कोणत्या सरीला किती पाणी मिळते हे पाहायचे असेल, तर पाटाच्या तोंडाशी रंग टाकून थोड्या वेळाने सऱ्या पाहाव्यात. रक्तात रंग मिसळण्याऐवजी रक्तातल्याच पाण्यावर चुंबकाने खूण केली तर? १९९२ साली जॉन डेट्रे, ॲलन कोरेट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूवर हे करून दाखवले. या पद्धतीला आर्टेरियल स्पिन लेबलिंग, संक्षेपाने एएसएल, म्हणतात.

तिचे कार्य असे चालते. एमआरआय यंत्राच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनची अणुकेंद्रे एका दिशेने कलतात. ३ टेस्लाच्या यंत्रातील हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काही दहा हजार पट असते. मानेपाशी, मेंदूकडे निघालेल्या धमन्यांवर रेडिओ लहरींचा मारा करून तेथून जाणाऱ्या रक्तातील अणुकेंद्रांची दिशा उलटी केली जाते. हीच खूण. मग क्षणभर थांबून, ते रक्त मेंदूतील केशवाहिन्यांत पोहोचल्यावर प्रतिमा घेतली जाते. लगेच दुसरी प्रतिमा, खूण न करता. दोहोंची वजाबाकी केली की स्थिर ऊतींचा संकेत निघून जातो आणि उरतो तो केवळ नव्याने आलेल्या रक्ताचा. हा फरक मूळ संकेताच्या जेमतेम १ टक्का किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून अशा कित्येक जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते आणि त्यासाठी चार-पाच मिनिटे जातात. इंजेक्शन नाही, किरणोत्सार नाही. एमआरआयमध्ये एरवी वापरले जाणारे गॅडोलिनियमयुक्त द्रव्यही लागत नाही. या धातूचे अंश शरीरात दीर्घकाळ राहत असल्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली इशारा दिल्यापासून लहान मुलांच्या बाबतीत ही बाब विशेष महत्त्वाची ठरली आहे.

कागदावर सोपी वाटणारी ही पद्धत बाळापाशी आली, की अवघड होते. पहिली अडचण अगदी घरगुती आहे : बाळ हलते. प्रौढाला ‘हलू नका’ म्हणता येते. बाळाला गुंगीचे औषध देता येते. पण औषधाने रक्तप्रवाहच बदलू शकतो, मग मोजले ते काय? त्यामुळे अनेक केंद्रांनी आईच्या पद्धतीचाच आधार घेतला आहे. तपासणीच्या आधी बाळाला पोटभर पाजायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, हवा काढली की अंगासरशी बसणाऱ्या गादीत ठेवायचे, कानांवर संरक्षक आवरण घालायचे आणि झोप लागण्याची वाट पाहायची. यंत्राचा खडखडाट १०० डेसिबलच्या घरात जातो, हे लक्षात घेता बाळे त्यात झोपतात हेच नवल. सगळीच झोपत नाहीत. ठरलेल्या वेळी स्तनपान घडवून आणणारी परिचारिका या तपासणीत भौतिकशास्त्रज्ञाइतकीच महत्त्वाची असते, ही गोष्ट शोधनिबंधांच्या पद्धती-प्रकरणात एका ओळीत उरकली जाते.

दुसरी अडचण रक्ताच्या गतीची. मानेत केलेली खूण टिकाऊ नसते. ३ टेस्लाच्या यंत्रात प्रौढाच्या रक्तातील खूण १.६५ सेकंदांच्या कालमानाने पुसट होत जाते. प्रतिमा २ सेकंदांनी घेतली, तर मूळ खुणेपैकी सुमारे ३० टक्केच शिल्लक असते. बाळाचे रक्त मेंदूत संथपणे पोहोचते, म्हणजे अधिक थांबावे लागते. आणि थांबावे तो खूण विरते. घाई केली तर रक्त अजून वाटेतच असते आणि मेंदूचा तो भाग कोरडा असल्यासारखा दिसतो. कमी आलेले रक्त आणि उशिरा आलेले रक्त यांतील फरक अशा प्रतिमेत ओळखू येत नाही. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१५ साली एकमताने प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत म्हणूनच नवजात बाळांसाठी खूण केल्यावर २ सेकंद, तर मोठ्या मुलांसाठी १.५ सेकंद थांबण्याचा सल्ला आहे.

गणितात वापरायचे स्थिरांकही प्रौढांचे चालत नाहीत. तान्ह्या मेंदूत पाण्याचा अंश अधिक असतो. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण जन्मावेळी जास्त असते, पुढील दोन-तीन महिन्यांत ते घसरते, आणि खूण किती वेगाने पुसेल हे त्यावर अवलंबून असते. ते प्रत्यक्ष तपासून न घेता काढलेला आकडा फसवू शकतो. शिवाय बाळाच्या मेंदूचे बाह्यक जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जाडीचे, तर एएसएल प्रतिमेचा एकेक घटक तीन-चार मिलिमीटरचा. करडे आणि पांढरे द्रव्य एकाच चौकटीत मिसळते. साध्या प्रतिमेवरून ते वेगळे करावे म्हटले, तर नवजात बाळात त्यांच्या छटा प्रौढांच्या नेमक्या उलट्या असतात आणि सहा महिन्यांच्या सुमारास दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की प्रवाह वाढतो, हे वेगळेच. कृत्रिम श्वसनावर असलेल्या बाळाच्या अहवालात त्या वेळची कार्बन डायऑक्साइडची पातळी नसेल, तर तो नकाशा अर्धवट मानावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. लाल-पिवळ्या-निळ्या रंगांतील चित्र फार लवकर पटते; त्यामागील गृहीतके रंगात दिसत नाहीत.

पडताळणीसाठी एमआरआयचीच आणखी एक पद्धत उपयोगी पडते. तिच्यात मानेतील चार मुख्य धमन्यांमधून वाहणाऱ्या रक्ताचा वेग थेट मोजला जातो. एकूण रक्ताला मेंदूच्या वजनाने भागले, की सरासरी प्रवाह मिळतो आणि एएसएलचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो. मेंदूतून परतणाऱ्या मोठ्या शिरेतील रक्तात किती प्राणवायू उरला आहे, हेही एमआरआयने अजमावता येते. किती आले आणि किती परत गेले हे कळले, की मेंदूने प्रत्यक्ष किती प्राणवायू वापरला याचा हिशेब लागतो.

या सर्व खटाटोपातून काय हाती आले? निरोगी नवजात बाळात सर्वाधिक रक्त मेंदूच्या गाभ्याकडे, थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया या करड्या द्रव्याच्या गाठींकडे जाते. बाह्यकाकडे त्याहून कमी, पांढऱ्या द्रव्याकडे सर्वांत कमी. कोपनहेगनमधील संशोधकांनी २००६ साली गुंगी न देता तपासलेल्या बाळांत हा उतार दिसला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आठवड्यागणिक प्रवाह वाढतो, पण सर्वत्र सारखा नाही. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील मिनहुई ओयांग, हाओ हुआंग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ही असमान वाढ दाखवली. त्याच गटाने जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचा अभ्यास २०२३ साली ‘ईलाइफ’ नियतकालिकात प्रसिद्ध केला. माणूस काही न करता स्वस्थ असतानाही मेंदूतील परस्परांपासून दूर असलेले काही भाग एकत्र कार्य करत असतात. हे जाळे जन्मावेळी अपरिपक्व असते; पहिल्या दोन वर्षांत ते जसजसे विणले जाते, तसतसा त्याच भागांचा रक्तपुरवठाही वाढत जातो, असे त्यात आढळले. चुगानी-फेल्प्स यांनी किरणोत्साराने पाहिलेला जागे होण्याचा क्रम आता निरोगी बाळांतही तपासता येऊ लागला आहे.

आजारी बाळांच्या बाबतीत नकाशाचे मोल अधिक तातडीचे आहे. २००४ साली फिलाडेल्फियाच्या त्याच रुग्णालयात डॅनियल लिक्ट आणि सहकाऱ्यांनी हृदयात जन्मजात गंभीर दोष असलेल्या २५ पूर्ण दिवसांच्या बाळांची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी केली. सरासरी प्रवाह १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे २० मिलिलिटर निघाला. ५ बाळांत तो १०हूनही कमी होता. ज्यांच्या पांढऱ्या द्रव्यात इजा दिसली, त्यांच्यात प्रवाह तुलनेने कमी असल्याचे आढळले. हृदयाची शस्त्रक्रिया केल्यामुळे मेंदूला धोका होतो, असा समज तोवर दृढ होता. काही बाळांचा मेंदू शस्त्रक्रियेच्या टेबलावर येण्याआधीच उपाशी असतो, हे या आकड्यांनी समोर आणले.

दुसरे उदाहरण जन्मतः न रडलेल्या बाळांचे. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांना जन्मानंतर सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर राखण्याची उपचारपद्धती श्रीमंत देशांत रूढ आहे. अशा मोजक्या बाळांची बोस्टन येथे पिया विंटरमार्क यांच्या गटाने लागोपाठच्या दिवशी एएसएल तपासणी केली. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मेंदूत पुढे इजा दिसली, त्यांच्यात पहिल्या दिवशी प्रवाह कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट वाढलेला होता. वाढलेला रक्तपुरवठा हे सुधारणेचे लक्षण वाटू शकते. येथे तो रक्तवाहिन्यांवरील ताबा सुटल्याचा निदर्शक असावा. म्हणून अशा अहवालात ‘प्रवाह चांगला आहे’ एवढे वाक्य पुरेसे नाही, तपासणी जन्मानंतर कितव्या तासाला झाली, हे त्याच्यासोबत हवेच.

हा मुद्दा भारताशी थेट भिडतो. बाळ थंड करण्याचा उपचार आपल्याकडे कितपत उपयोगी आहे, हे तपासण्यासाठी लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल यांच्या नेतृत्वाखाली ‘हेलिक्स’ ही चाचणी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत झाली. चेन्नई आणि बंगळूरमधील रुग्णालयांबरोबर मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयाचाही तीत सहभाग होता. ४०८ बाळांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आले आणि त्यांनी बालरोगतज्ज्ञांना हादरा दिला. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली. न केलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, ५० आणि ४७ टक्के.

पाश्चात्त्य देशांत तारणारा उपचार येथे मारक का ठरावा? एक शक्यता अशी मांडली जाते, की आपल्याकडील अनेक बाळांत प्राणवायूची टंचाई प्रसूतीच्या अखेरच्या क्षणी नव्हे, कित्येक तास आधी, हळूहळू सुरू झालेली असते. जन्माच्या वेळी हानीची घटिका उलटून गेलेली असेल, तर जन्मानंतर सुरू केलेला उपचार उशिराचाच ठरतो. हेलिक्समध्ये एमआरआय झाला, तो मुख्यतः इजेचा ठसा पाहण्यासाठी. मेंदूतील प्रवाह त्या घडीला ओसरलेला आहे, की उसळून वर आलेला आहे, हे कळले, तर इजा किती जुनी आहे याचा अंदाज बांधायला मदत होऊ शकेल आणि कोणत्या बाळाला थंड करावे, कोणाला करू नये, हा निर्णय वैयक्तिक पातळीवर घेण्याची वाट निघेल. हे आज उपचाराचे सूत्र नव्हे, संशोधनाची दिशा आहे.

तिच्या आड येणारे अडथळे ओळखीचे आहेत. नाजूक बाळाला अतिदक्षता कक्षातून यंत्रापर्यंत न्यायचे, तर उष्णता राखणारी पेटी, चुंबकाजवळ चालणारी श्वसन व देखरेख यंत्रे आणि सोबत डॉक्टर लागतात. जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षापासून एमआरआय केंद्र दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या शहरात असते. कमी क्षमतेच्या चुंबकाची, चाकांवर फिरणारी यंत्रे आली आहेत. पण क्षेत्र जितके क्षीण, तितकी रक्तावरील खूण लवकर पुसते आणि संकेतही दुबळा होतो, त्यामुळे या तपासणीला ती साथ देत नाहीत. पॅरिसमधील मिकाएल तांतेर यांच्या गटाने टाळूच्या फटीतून अतिजलद ध्वनिलहरी सोडून खाटेपाशीच नवजात मेंदूतील रक्ताचे बदल टिपले आहेत. त्या पद्धतीत संपूर्ण मेंदू मात्र एका वेळी दिसत नाही.

ज्या मोठ्या रुग्णालयांत न रडलेल्या बाळाचा एमआरआय पहिल्या आठवड्यात तसाही केला जातो, तेथे ही अडचण नाही. यंत्र पुरेशा क्षमतेचे हवे, प्रतीक्षाकाळ नवजात बाळासाठी बदलून घेतलेला हवा आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण त्या दिवशीचे हवे. आधीच ठरलेल्या तपासणीत भर पडते ती चार-पाच मिनिटांची, बाळ तेवढा वेळ झोपून राहिले तर.